यंत्रांना विसावा

सोमवार, ३ एप्रिल

देवाचं नाव घेऊन पहिलं पान उघडते. ही डायरी नवी नाही. वाण्याने गेल्या वर्षी फुकट दिली होती, ती कोरी पडून होती. वार जुळत नाहीत, ते खोडून वर बरोबर लिहिले की झालं. हिशेबाची वही वेगळी आहेच. पण सूनबाई म्हणाली, आई, हिशेबाच्या वहीत तुम्ही समासात माणसांबद्दल लिहिता, ते वेगळं लिहा. तिने ते कधी वाचलं कोण जाणे.

घरात आम्ही तिघं. मी, चिरंजीव आणि सूनबाई. हे देवाघरी गेल्यापासून खर्चाचं मी बघते. चिरंजीव सध्या मोठ्या रजेवर आहे. कंपनीने आपण होऊन दिली, मागावी लागली नाही. ह्यांना उभ्या नोकरीत इतकी रजा कधी मिळाली नव्हती. बिनपगारी असते म्हणे, म्हणून घर तूर्त सूनबाईच्या पगारावर चालतं. रजेवर असूनही रोज सकाळी कागद घेऊन कुणाकुणाला भेटायला जातो. मुलगा आळशी निघाला नाही, ही देवाचीच कृपा.

गुरुवार, ६ एप्रिल

सूनबाई घरूनच काम करते, खिडकीजवळच्या टेबलाशी. ती नक्की काय करते ते आज विचारलं, कारण दुपारी एकटीच कपाळाला हात लावून बसली होती.

तिची कंपनी एक सॉफ्टवेअर बनवते. दवाखाने, शाळा, पतपेढ्या यांच्याकडे माहिती साठवायची मोठी यंत्रं असतात. ती लावणं, चालवणं, काढणं, सगळं एका पडद्यावरून करता येतं. आता ते आपल्या भाषेत आणायचं आहे. बाकी सगळं झालं, यंत्र काढायचे शब्द अडले आहेत. इंग्रजीतच त्यांचा घोळ आहे, शिकलेली माणसंसुद्धा भलतं बटण दाबतात.

मी म्हटलं, मला सांग. तुझ्या सासूला समजलं तर जगाला समजेल. ती हसली आणि तीन बोटं वर केली.

पहिल्या कामात यंत्राचं नाव फक्त यादीतून जातं. यंत्र आपलं चालूच राहतं, आतलं सगळं जागच्या जागी. याला रिमूव्ह म्हणतात. दुसऱ्या कामात आतलं सगळं कायमचं पुसलं जातं आणि यंत्र बंद होऊन पुढच्या गिऱ्हाइकाची वाट बघतं. याला रिलीज म्हणतात. मी म्हटलं, रिलीज सिनेमा होतो ना? ती म्हणाली, तेच तर. तिसऱ्या कामात यंत्र बिघडलेलं म्हणून नुसतं बाजूला ठेवतात.

म्हणजे ऐकायला भयंकर ते निरुपद्रवी, आणि ऐकायला गोड ते सगळं घेऊन जाणारं. मी तिला म्हटलं, आमच्या धाकट्या वन्संचंही असंच होतं.

मंगळवार, ११ एप्रिल

सूनबाईने दुसऱ्या कामाला ‘सगळं पुसा’ असं लिहिलं आहे. मला ते पसंत नाही. पुसा हा शब्द मी पाटीबद्दलसुद्धा वापरत नाही. घरात काही बोलायच्या रीती असतात. दिवा विझवला म्हणत नाही, मालवला म्हणते. बाहेर जाताना जाते म्हणत नाही, येते म्हणते. मीठ संपलं असं या घरात आजवर कुणी म्हटलेलं नाही, मीठ आणायचं आहे एवढंच म्हणतात. हिशेबाच्या वहीत महिनाअखेरी काही उरलं नाही तर मी शून्य लिहीत नाही. ‘येणं आहे’ लिहिते. कुठून ते देव बघतो.

आणि इथे पडद्यावर, बायाबापड्यांच्या डोळ्यांसमोर, रोज सकाळी ‘सगळं पुसा’.

माळ ओढताना विचार केला आणि तीन नावं काढली. पहिल्याला ‘निरोप द्या’. दुसऱ्याला ‘विसावा द्या’, कारण यंत्र शेवटी बंदच होतं ना. तिसऱ्याला ‘आजारी ठेवा’. सूनबाई म्हणाली, आई, फार सुंदर आहेत, पण माणसाला कळणार कसं की आतलं सगळं जाणार? मी म्हटलं, सगळं तोंडावर सांगायची गरज नसते. समजणारा समजतो.

तिने गंमत म्हणून ती नावं आपल्या साहेबांना कळवली.

शुक्रवार, १४ एप्रिल

साहेबांचा फोन आला, थेट माझ्या फोनवर. सूनबाईकडून नंबर घेतला म्हणे. म्हणाले, काकू, पुसा म्हटलं की गिऱ्हाईक घाबरतं. तुमचा विसावा फार गोड आहे, तिन्ही शब्द तसेच्या तसे घेतो. मी म्हटलं, आणि ते ‘तुमची खात्री आहे का’ असं दरडावून विचारता, तेही बरं दिसत नाही. ‘देऊ ना विसावा?’ असं विचारावं. तेही त्यांनी घेतलं.

फोन ठेवल्यावर सूनबाई म्हणाली, "आई, तो फोन आहे, विहीर नाही. समोरच्या इमारतीतल्या बायका गॅलरीत आल्या." मी काय करू, लांबच्या माणसाशी मोठ्यानेच बोलावं लागतं.

सूनबाई खूश नाही. दोन दिवस साहेबांशी फोनवर हुज्जत घालते आहे, की ‘सगळं पुसा’ असंच असू द्या, लोकांचं नुकसान होईल. मला थोडं वाईट वाटलं. सासूचे शब्द पुढे गेले की सुनेला लागणारच, मनुष्यस्वभाव आहे. मी मनात धरलं नाही.

सोमवार, १ मे

माझे शब्द सुरू झाले. सूनबाईने पडद्यावर दाखवले. ‘विसावा द्या’ हिरव्या चौकोनात आहे. देवाला साखर ठेवली.

चिरंजीव आज लवकर परत आला आणि पडून राहिला. ज्यांना भेटायला गेला होता त्यांनी भेट दिली नाही. रजेत असं होतं, माणसाला करमत नाही. सूनबाईने विचारलं, काय म्हणाले? तो म्हणाला, नंतर कळवतो म्हणाले. मग दोघं एकमेकांकडे बघत राहिली. मी म्हटलं, नंतर कळवतो म्हणाले म्हणजे कळवतीलच.

सोमवार, २२ मे

आज घरात कुणी धड जेवलं नाही.

शहराच्या दुसऱ्या टोकाला एक दवाखाना आहे. तिथल्या कारकून बाईने शनिवारी दुपारी घरी जाताना यंत्राला विसावा दिला. आज सकाळी येऊन बघते तो सगळं कोरं. कुणाला काय औषध चालू आहे, कुणाला काय चालत नाही, कुणाचं रक्त कसलं, काही नाही. बाहेर रोग्यांची रांग आणि डॉक्टरीणबाई प्रत्येकाला नव्याने विचारते आहे, तुम्हाला काय होतं? एक म्हातारे म्हणाले, ते मी तुम्हाला विचारायला आलो.

सूनबाई पांढरी पडली आहे. सकाळपासून फोन चालू आहेत. सूनबाई, तिचे साहेब, सगळे इतके का घाबरलेत मला समजत नाही. यंत्र त्यांचं, बटण त्यांनी दाबलं. चिरंजीवसुद्धा दार लावून सूनबाईशी हळू आवाजात बोलत होता. एवढंच ऐकू आलं, की तुझीही गेली तर भाडं कुठून द्यायचं. काय गेली ते ऐकू आलं नाही. तिची तब्येत म्हणत असावा, दोन दिवस ती खोकते आहे. मी काढा दिला.

मंगळवार, २३ मे

सूनबाईबरोबर त्या दवाखान्यात गेले. तिला एकटीला धाडवेना, आणि इतक्या लांब जायचंच आहे तर माझे गुडघेही दाखवून होतील.

कारकून बाई माझ्याच वयाची, डोळे सुजलेले. मी तिला पाणी दिलं. ती म्हणाली, "विसावा द्या असं लिहिलं होतं. मी म्हटलं, आठवडाभर राबतं बिचारं, दीड दिवस पडू दे. वीजही वाचेल. वर त्यानेच विचारलं, देऊ ना विसावा? मी म्हटलं, दे बाबा." मला तिचं काही चुकलं असं वाटलं नाही. मीही हेच केलं असतं. तसं मी सूनबाईच्या देखत सांगितलं. 

आत फायलींच्या खोलीत सूनबाई कोऱ्या झालेल्या नव्या यंत्रापुढे बसली. मला टेकायला जागा नव्हती. कोपऱ्यात जुन्या चादरीखाली बुटकं पेटीसारखं काही होतं, त्यावर बसले. बैठक छान उबदार होती. गुडघ्यांना इतकं बरं वाटलं, की मी डोळे मिटून जप सुरू केला. थोड्या वेळाने सूनबाई म्हणाली, आई, उठा. मी म्हटलं, माळ पुरी होऊ दे. ती म्हणाली, "आई, आत्ता उठा."

तिने चादर ओढली. खाली जुनं यंत्र होतं, दिवे लुकलुकत होते. कारकून बाई म्हणाली, ते तर गेलं. नवीन आलं त्या दिवशी मीच त्याला निरोप दिला, पडद्यावरचं नाव गेलं. भंगारवाला यायचाय, म्हणून झाकून ठेवलं. सूनबाई तिथेच फरशीवर बसली आणि हसायला लागली, मग रडायला लागली. दोन्ही एकदम, मला समजेना कशाला काय म्हणावं.

मग तिने समजावलं ते असं. निरोप दिला तेव्हा नुसतं यादीतलं नाव गेलं होतं. यंत्र चालूच होतं, आणि नवीन येईपर्यंतची सगळी माहिती त्यात तशीच आहे. गेलं ते मधल्या दोनतीन आठवड्यांचं. ते रोग्यांना विचारून पुन्हा लिहायचं.

माझ्या ‘निरोप द्या’ने दवाखाना वाचला, असं मी वाटेत म्हटलं. सूनबाई खिडकीबाहेर बघत होती.

गुडघे दाखवायचे राहून गेले.

गुरुवार, २५ मे

लिहावं की नाही असं झालं, पण ही वही त्यासाठीच आहे.

संध्याकाळी सूनबाई साहेबांशी बोलत होती. मी भाजी चिरत होते. ती म्हणाली, "हो सर, तिन्ही शब्द माझेच. घरातल्या कुणाचा काही संबंध नाही. उद्या डॉक्टरीणबाईंसमोरही तेच सांगेन."

सुरी हातातच राहिली. शब्द माझे. माळ ओढताना सुचलेले. साहेबांनी स्वतः फोन करून वाखाणलेले. आणि आता अर्धं काम निभावलं, दवाखान्याची माहिती सापडली, डॉक्टरीणबाई ऑफिसात येणार, तर शब्द हिचे झाले. घरातल्या कुणाचा संबंध नाही म्हणे.

मी लोभी नाही. मला कुणी शाल द्यावी असं नाही. पण मॅट्रिकनंतर माझं नाव कुठल्या कामावर लागायची ही पहिली वेळ होती.

जेवताना मी गप्प होते. चिरंजीवाने विचारलं, आई, बरं नाही का? मी म्हटलं, मला काय होणार आहे. सूनबाईने मला आग्रह करून तूप वाढलं. तेही मला टोचलं.

शुक्रवार, २६ मे

सकाळी सूनबाई ऑफिसात गेली. नेहमी घरून काम करते, आज बोलावलं होतं. साहेब, डॉक्टरीणबाई, वरचे मोठे साहेब, सगळे जमणार होते. दारात म्हणाली, "जाते, आई." मी म्हटलं, येते म्हण. तिने म्हटलं नाही. चिरंजीव तिला रस्त्यापर्यंत सोडायला गेला आणि बराच वेळ तिथेच उभा होता.

मी देवापुढे बसले, पण मन लागेना. सारखं वाटे, आता तिकडे तिचं कौतुक चाललं असेल. शेवटी उठले आणि साहेबांचा नंबर होता तो लावला.

साहेब हळूच म्हणाले, काकू, मी मीटिंगमध्ये आहे, नंतर बोलू. मी म्हटलं, थोडंच आहे, आणि पैसे माझे जाताहेत.

"ते तिन्ही शब्द माझे आहेत. सूनबाईचा एकही नाही. ती पहिल्यापासून सगळं पुसा, सगळं पुसा म्हणत होती. दोन दिवस तुमच्याशी भांडली, की लोकांचं नुकसान होईल. तुम्हीच मला फोन करून म्हणालात, काकू, पुसा म्हटलं की गिऱ्हाईक घाबरतं, तुमचा विसावा गोड आहे. मग आता नाव तिचं कसं?"

 तिकडून एका बाईचा आवाज आला, डॉक्टरीणबाई असाव्यात. त्या म्हणाल्या, या कोण बोलताहेत? त्यांना बोलू द्या. साहेब म्हणाले, काकू, ठेवतो. आणि ठेवला.

 मला वाटलं, मोठ्या माणसांची हीच तऱ्हा.

सूनबाई दुपार कलल्यावर आली. चप्पल न काढता स्वयंपाकघरात आली आणि माझ्या गळ्यात पडली. असं ती लग्नानंतरही कधी पडली नव्हती. मी म्हटलं, अगं हात पिठाचे आहेत. ती म्हणाली, आई, माझी नोकरी राहिली.

मी विचारलं, "जाणार होती का?"

"आज गेलीच होती. कागद तयार होता टेबलावर."

मग सगळं सांगितलं. साहेबांनी वरच्यांना सांगितलं होतं, की शब्द हिनेच निवडले, त्यांना विचारलंसुद्धा नाही. हीही हो म्हणत होती. तेवढ्यात माझा फोन. साहेबांनी तो कानाला घट्ट धरला होता, पण माझा आवाज टेबलाच्या त्या टोकापर्यंत गेला. मोठ्या साहेबांनी शब्दन् शब्द ऐकला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जी पुसा म्हणत होती तिलाच हे नीट करायला द्या, दुसऱ्या कुणाला दिलं तर आम्ही हे सॉफ्टवेअर ठेवणार नाही. कागद फाडला. साहेबांना नंतर थांबवून घेतलं.

मी म्हटलं, "मग तू शब्द तुझे आहेत असं का सांगत होतीस?"

ती म्हणाली, "तुमचं नाव आलं असतं तर दोष तुमच्यावर गेला असता ना. साहेब म्हणाले असते, घरातल्या बाईला विचारून काम करते."

"दोष?" मी म्हटलं. "मला वाटलं कौतुक चाललंय."

तिला हसता हसता उचकी लागली. मी पाणी दिलं.  काल तिने वाढलेलं तूप मी ताटात तसंच ठेवलं होतं, ते आठवलं.

तिचं पाणी पिऊन झालं. चिरंजीव दारात उभा होता. ती त्याला म्हणाली, "आता आईंना सांग. स्पष्ट सांग. या घरात गोड बोलण्याने माझा जीव जायची वेळ आली."

तो म्हणाला, "आई, माझी रजा नाहीये ती."

मी म्हटलं, हं. तो पुढे बोलणार होता, पण मी पीठ मळायला घेतलं. 

रविवार, २८ मे

सूनबाईने नवे शब्द लिहिले. मला वाचून दाखवले. पहिलं, ‘यादीतून फक्त नाव काढा. यंत्र चालूच राहील.’ दुसरं, ‘आतली सर्व माहिती कायमची पुसा आणि यंत्र बंद करा. परत मिळणार नाही.’ आणि हो म्हणण्याआधी माणसाने यंत्राचं नाव स्वतः लिहायचं. तिसरं, ‘बिघडलेलं म्हणून बाजूला ठेवा.’ कानाला काही गोड नाहीत. ओळ लांबते, चौकोनात मावत नाही, अक्षर बारीक करावं लागलं. पण दवाखान्यातल्या कारकून बाईला फोन करून विचारलं, तिला तिन्ही पहिल्या झटक्यात कळले. माझे शब्द तिलाही आवडले होते म्हणाली, फक्त कळले नव्हते.

‘आजारी ठेवा’ कुणीच दाबलं नव्हतं. लोकांना ते बरं वाटलं नाही म्हणे.

आता राहिलं ते. मी या वहीत रजा, रजा लिहीत आले. खोटं लिहायचं म्हणून नाही. बोललेलं घडतं, असं मला लहानपणापासून वाटत आलं आहे, आणि लिहिलेलं तर घडतंच. माणूस रोज सकाळी कागद घेऊन अनोळखी लोकांकडे जातो, पडलेला चेहरा घेऊन येतो, हे काय मला दिसत नव्हतं? दिसत होतं. मी त्याला नाव चांगलं दिलं होतं, इतकंच. आणि मी ऐकून घेत नव्हते म्हणून तो रोज दारात तोंड सरळ करून आत येत होता.

तर लिहिते. चिरंजीवाची नोकरी गेली आहे. त्याला कामावरून काढून टाकलं.

लिहून वर बघितलं. काही झालं नाही. शेजारी नळ चालू होता.

त्याला हाक मारली. विचारलं, "तुला काढलं ना?"

"हो, आई."

"का?"

"माणसं कमी केली. त्यात मी."

"पुढे काय करणार?"

"माहीत नाही," तो म्हणाला. मग म्हणाला, "हे बोलून बरं वाटलं."

मी म्हटलं, माहीत होईपर्यंत भाजी निवडायला बस. तो माझ्याजवळ बसला.  त्याने देठं ताटात ठेवली होती आणि पानं टाकत होता. मला वाटलं, असू दे, आज कशाला बोलायचं. मग वाटलं, नाही, बोलावं.

बोलले.